आमच्या गांवचा मोठा रस्ता

आमच्या अमरावती जिल्ह्यांत चांदूर नांवाचीं दोन गांवें आहेत. ओळखीसाठीं एकाच्या नांवापुढें 'रेल्वे' हा शब्द लावतात व दुसऱ्याच्या नांवापुढें 'बाजार'. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकांत ज्या चांदुरावरून गेला तें चांदूर रेल्वे. आमच्या चांदुराला त्या काळीं आगगाडी नव्हती, बाजार मात्र होता. म्हणून तें चांदूर बाजार. लहानपणीं आमच्या घरचीं पत्रें कधीं कधीं त्या दुसऱ्या चांदुराची यात्रा करून येत, आणि मग माझे आजोबा हंसून म्हणत, "सरकारनं आपल्या गावाले गाडी देल्ली नाई, पन बाजार त कोनी नेला नाई!"

या बाजारगांवाचा मोठा रस्ता हाच माझ्या लेखाचा विषय आहे. वार्षिकाच्या संपादकांनीं "आपल्या गांवाविषयीं कांहीं लिहा" असें सुचविलें, तेव्हां प्रथम मला वाटलें कीं, त्या रस्त्याविषयीं लिहिण्यासारखें आहे तरी काय? तेथें किल्ला नाहीं, राजवाडा नाहीं. दोन्ही बाजूंना दुकानें आहेत, एवढेंच. परंतु आमच्या घराण्याच्या दोन पिढ्यांनीं त्याच रस्त्यावर शिवणकाम करून पोट भरलें. ती दुकानें बदलत गेलेलीं मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिलीं. इतकेंच नव्हे, तर त्या बदलांत माझाहि थोडा हात आहे. ती गोष्ट मीं पुष्कळ वर्षें कोणास सांगितली नव्हती. ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबाजी म्हणत असूं, ते हातशिलाईचे शिंपी होते. त्यांच्या सांगण्यांतला मोठा रस्ता मातीचा होता. दसऱ्या-दिवाळीनंतर कापूस निघूं लागला म्हणजे आसपासच्या खेड्यांतून बंड्यांची रांग लागे. बंडी म्हणजे आमच्या वऱ्हाडांत बैलगाडी. अंगांत घालावयाच्या बंडीशीं वाचकांनीं तिचा घोटाळा करूं नये. अर्थात् आबाजींचें पोट दोन्ही बंड्यांवर चाले. कारण शेतकरी एका बंडींत बसून येई आणि दुसरी शिवावयास टाकून जाई.

त्या काळीं रस्त्याचा राजा कापूस होता. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि आमच्या काळ्या मातीला एकाएकीं मोल आलें. युद्ध सरतांच भाव कोसळले. तथापि वऱ्हाडाची कापसाची ओढ कायम राहिली. १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापसाच्या व धान्याच्या बाजारांसाठीं स्वतंत्र कायदाच झाला, व हिंदुस्थानांतील अशा तऱ्हेचा तो पहिला कायदा समजला जातो. कायदा झाला तरी जुन्या संवयी लौकर जात नाहींत. आबाजी सांगत कीं, दलाल व खरेदीदार रुमालाखालीं हातांत हात घालून बोटांच्या खुणांनीं भाव ठरवीत, आणि ज्याचा कापूस तो शेतकरी त्या रुमालाकडे नुसता पाहत उभा राही.

रस्त्यावर अडत्यांच्या गाद्या होत्या. सरकी-ढेपेचीं दुकानें होतीं. तांब्यापितळेचीं भांडीं, कासाराच्या बांगड्या, घाणीचें जवसाचें तेल हीं सारीं येथें मिळत. पोळ्याच्या आधीं पंधरा दिवस बैलांच्या साजाचें दुकान झुली, घुंगुरमाळा व रंगीत गोंडे यांनीं असें भरून जाई कीं, आंतला दुकानदारहि दिसूं नये. पौषांत सातपुड्याच्या पायथ्याशीं बहिरमची यात्रा भरे. तेव्हां निम्मे दुकानदार पाल ठोकावयास तिकडे जात, आणि रोडग्यांचा व हंडींतल्या मटणाचा वास कपड्यांत घेऊन परत येत.

आबाजी एका कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर बसत. ओट्याचें भाडें ते देत नसत व दुकानदार मागतहि नसे. गिऱ्हाइकानें आंत कापड घ्यावें व बाहेर माप द्यावें, अशी ती व्यवस्था होती. त्यावेळीं रस्त्यावर चार हातशिंपी होते. मग एके वर्षीं कोणी एक शिंपी अमरावतीहून सिंगरचें यंत्र घेऊन आला. त्याच्या भोंवतीं माणसांची गर्दी जमे. आबाजी जें काम चार दिवसांत करीत तें तो एका दिवसांत करी, आणि शिलाई कमी घेई. कांहीं महिने आबाजींनीं दम धरला. शेवटीं आजीच्या हातांतल्या पाटल्या मोडून त्यांनींहि यंत्र आणलें.

महात्मा गांधी यंत्रांविषयीं किती साशंक असत हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु १९२४ सालीं एका संभाषणांत त्यांनीं शिवणयंत्राला अपवाद केला, आणि पत्नीचे शिवतांनाचे कष्ट पाहून सिंगरनें तें तयार केलें असें कौतुकानें सांगितलें. मीं हें पुढें पुस्तकांत वाचलें व आबाजींना वाचून दाखविलें. तेव्हां ते खुश झाले. मग मीं सहज विचारलें, "आबाजी, ज्या शिंप्यांना यंत्र घेतां आलें नाहीं, त्यांचें पुढें काय झालें?" आबाजी पुष्कळ वेळ बोलले नाहींत. मग सुईंत दोरा ओंवीत म्हणाले, "एक जीनात गेला, एक वावरात." तिसऱ्याविषयीं ते कांहींच बोलले नाहींत, आणि मींहि विचारलें नाहीं.

माझा जन्म १९५६ चा. मला समजूं लागलें तेव्हां ओट्यावर आबाजींच्या जागीं माझे वडील बसत असत. त्या सुमारास रस्त्यावर बदल येत ते पुष्कळदां दिल्लीहून येत. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. म्हाताऱ्या बाया कित्येक वर्षें प्रत्येक भाव आण्यांत करून घेतल्यावांचून पदराची गांठ सोडीत नसत. शेर, पायली व मण जाऊन किलोग्रॅम व क्विंटल आले. कापडाच्या दुकानांतला लोखंडी गज गेला व मीटरची पट्टी आली. वडिलांच्या गळ्यांतली फीत मात्र इंचांचीच राहिली. कापड मीटरनें घ्यावयाचें आणि अंग इंचांनीं मोजावयाचें, ही रीत आजतागायत चालू आहे.

ओट्यासमोर एक सोनार बसत. १९६३ च्या आरंभीं सोन्याच्या नियंत्रणाचे नियम आले, व चौदा कॅरटपेक्षां अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. खेड्यांतली माणसें सोनें म्हणजे बावनकशी असेंच समजणारीं. चौदा कॅरटचा दागिना कोण घेणार? देशभर सोनारांचे हात रिकामे झाले. आमच्या समोरच्या सोनाराची भट्टी कांहीं महिने थंड होती. मग तेथें चहाची शेगडी पेटली. ज्या नाजूक चिमट्यानें ते मण्यांची गुंफण करीत, त्यानेंच ते निखारा उचलीत असत, हें मला अजून आठवतें. १९९० सालीं सोन्याच्या नियंत्रणाचा कायदा रद्द झाला. परंतु तोंवर सोनार वारले होते व त्यांचा मुलगा चहाशिवाय दुसरें कांहीं शिकला नव्हता.

बाहेरून माणसेंहि आलीं. १९४७ च्या फाळणीनंतर आपलें सर्वस्व सोडून आलेलीं सिंधी कुटुंबें वऱ्हाडांतल्या पेठांत स्थिरावलीं. आमच्या रस्त्यावर आलेलें एक कुटुंब प्रथम खांद्यावर कापडाचे तागे टाकून दारोदार फिरे, नंतर हातगाडीवर, आणि माझ्या आठवणींत त्यांचें दोन दारांचें दुकान होतें. आबाजी त्यांच्याविषयीं म्हणत, "ज्याचं गावच गेलं, त्याले दुकानाचं मोल आपल्याहून जास्त समजते."

१९७२ हें वर्ष मला विसरतां येत नाहीं. पाऊस नव्हता. अमेरिकेंतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीसाठीं रेशनच्या दुकानापुढें रांगा लागत, व तिची भाकरी थापतांना तुटे म्हणून आई चिडे. त्याच वर्षीं राज्य सरकारनें कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली, व खासगी अडत्यांचा धंदा बसला. शेतकऱ्यांना कापसाच्या पैशांचा चुकारा आतां सरकारी केंद्रावरून मिळूं लागला. तो कधीं वेळेवर येई, कधीं येत नसे. रस्त्यावरच्या दोन मोठ्या गाद्यांना कुलपें लागलीं. ज्या गादीवर पांढरीशुभ्र बैठक व लोड असत, तेथें पुढें भाड्याच्या सायकली उभ्या राहूं लागल्या.

त्या दुष्काळांत नवे कपडे कोण शिवणार? वडील जुन्या शर्टांच्या कॉलर उलटवून देत, धोतराचे रुमाल करून देत, व मुलांचे कपडे वाढवून देत. येथें एक शब्द समजावून सांगितला पाहिजे. कपडा शिवतांना आंतल्या बाजूला थोडें जास्त कापड दुमडून ठेवतात; मूल वाढलें कीं टाके उसवून तेवढा कपडा सैल करतां येतो. या जादा कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. माझे वडील शाळकरी मुलांच्या कपड्यांना नेहमीं भरपूर माया ठेवीत, आणि वर्षा-दोन वर्षांनीं ती सोडून देण्याचे पैसे घेत नसत. त्या वर्षीं त्यांनीं पुष्कळ मुलांचे गणवेश उधार शिवले. चुकाऱ्याच्या दिवशीं कोणी पैसे आणून दिले, कोणी दिले नाहींत. वहींतलीं कांहीं नांवें शेवटपर्यंत तशींच राहिलीं. परंतु वडिलांनीं तीं कोणास वाचून दाखविलीं नाहींत.

आतां माझी गोष्ट. १९७९ सालीं मला शिक्षकाची नोकरी लागली. आमच्याकडे शिंप्यालाहि मास्तर म्हणतात. त्यामुळें घरांत दोन मास्तर झाले म्हणून आई हंसे. त्याच सुमारास सायकलींच्या जागीं तयार कपड्यांचें एक नवें दुकान निघालें. रस्त्याच्या बाजूला मोठी कांच, आंत रात्रींहि पांढरा लख्ख प्रकाश, आणि कांचेमागें टांचण्या लावून घडी केलेले, कॉलरींत पुठ्ठा घातलेले शर्ट. तें आमच्या ओट्याच्या जवळजवळ समोरच होतें.

पहिला पगार हातीं आला त्या दिवशीं मी त्या दुकानांत गेलों व आकाशी रंगाचा एक शर्ट विकत घेतला. कोणी विचारलें असतें तर मीं सांगितलें असतें कीं, मित्राचें लग्न तीन दिवसांवर आलें आहे व लग्नसराईमुळें वडिलांच्या हातीं वेळ नाहीं. तें खोटें नव्हतें. पण तें खरें कारणहि नव्हतें. खरें कारण हें कीं, मला शिंप्याच्या मुलासारखें दिसावयाचें नव्हतें. लहानपणापासून मी उरल्यासुरल्या कापडाचे कपडे घालीत आलों होतों, आणि कांचेमागचा तो शर्ट जणूं मला सांगत होता कीं, तूं आतां दुसरा कोणी झाला आहेस. पुडकें घेऊन बाहेर पडलों तों वडिलांनीं यंत्रावरून मान वर केली. आमची दृष्टादृष्ट झाली. त्यांनीं पुन्हां मान खालीं घालून काम सुरू केलें.

रात्रीं जेवण झाल्यावर त्यांनीं तो शर्ट मागून घेतला. दिव्याखालीं धरून उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरविला, काजें पाहिलीं. मी बोलणीं खाण्याची तयारी करून उभा होतों. ते म्हणाले, "टाके बारीक हायेत. सरळ हायेत." थोड्या वेळानें शर्टाची घडी जशीच्या तशी घालून माझ्या हातीं देतांना म्हणाले, "माया मात्र ठेवली नाई." एवढेंच. त्यानंतर त्या शर्टाचा विषय त्यांनीं कधीं काढला नाहीं.

लग्नांत पुष्कळांनीं शर्टाची चौकशी केली. शिंप्याच्या स्वतःच्या मुलानें तयार शर्ट घातला, याहून मोठी जाहिरात त्या दुकानाला कोणती हवी होती? एका शर्टानें ओटा बुडाला असें मी म्हणत नाहीं. तयार कपडा स्वस्त होता, ताबडतोब मिळत होता, आणि तो आज ना उद्यां येणारच होता. पण येणारी वस्तु आपोआप येत नाहीं. कोणीतरी पहिल्यानें उंबरा ओलांडून तिच्याकडे जातो. आमच्या रस्त्यावर जाणाऱ्या पहिल्या कांहीं माणसांत मी होतों.

पुढें वडिलांकडे शिलाईचें काम कमी होत गेलें. लांबी कमी करणें, साखळी बसविणें, फाटलेलें जोडणें एवढें उरलें. कापडाच्या दुकानदारानें ओटा काढून पुढें लोखंडी शटर बसविलें. त्याचा त्यांत दोष नव्हता. त्याचाहि धंदा उतरला होता. वडील यंत्र घेऊन प्रथम गल्लींत गेले व मग घरीं आले. १९९६ सालीं ते वारले.

नंतरचे बदल इतक्या झपाट्यानें झाले कीं, ते मोजतांना माझी मला गंमत वाटते. ओट्याच्या जागीं जो गाळा झाला त्यांत प्रथम गाण्यांच्या कॅसेटी विकल्या गेल्या, मग बाहेरगांवीं फोन करण्याची कांचेची खोली आली, मग संगणकावर तासाच्या हिशेबानें बसण्याची सोय झाली. दर धंद्याच्या पाटीखालीं आधींच्या पाटीचा रंग दिसे. आबाजी व वडील मिळून जेथें साठ-एक वर्षें बसले, तेथें पंचवीस वर्षांत तीन धंदे येऊन गेले.

परंतु सर्वांत मोठा बदल कांचेच्या दुकानांचा नाहीं, असें मला वाटतें. माझ्या लहानपणीं शेतकरी कापड, मीठ, लोखंड या वस्तु रस्त्यावरून घेई. बीं मात्र घरचें असे. ज्वारीचीं चांगलीं कणसें आढ्याला टांगून ठेवलेलीं मीं घरोघर पाहिलीं आहेत. पुढें संकरित वाण आले, आणि २००२ सालीं बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर कापसाचें बीं दरसाल पाकिटांतून विकत घेणें आलें. आज मृगाच्या तोंडावर रस्त्यावर सर्वांत अधिक गर्दी असते ती बीं-बियाणें, खतें व औषधें यांच्या कृषि केंद्रांपुढें. चुकारा आल्यावर खरेदी करणारा शेतकरी आतां पेरणीच्या आधींच खरेदी करतो, व पुष्कळदां ती उधारीनें करतो. त्याच्या जोडीला संत्र्यांच्या बागांचा पैसा आहे. आंबिया बहार चांगला साधला कीं त्या वर्षीं सोन्याच्या व मोटारसायकलींच्या दुकानांत गर्दी होते. फळगळ झाली कीं दुकानदार दारांत बसून माशा वारतात. ज्याला या भागाचें पीक कसें आहे हें जाणून घ्यावयाचें असेल, त्यानें सरकारी अहवालाची वाट पाहूं नये. संध्याकाळीं या रस्त्यावरून एक फेरी मारावी.

आगगाडीहि आली. अमरावतीहून मोर्शी-वरुडच्या बाजूनें नरखेडला जाणारा लोहमार्ग झाला आणि आमच्या गांवाला स्टेशन मिळालें. त्यावरील 'चांदूर बाजार' ही पाटी पाहिली तेव्हां मला आबाजींचे शब्द आठवले. गाडी मिळाली, आतां बाजार कोणी नेऊं नये म्हणजे झालें, असेंहि मनांत आलें. कारण २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी झाली, तेव्हां दिवसाढवळ्या ओस पडलेला तो रस्ता मीं आयुष्यांत प्रथमच पाहिला. त्यानंतर घरबसल्या फोनवर वस्तु मागविण्याची संवय खेड्यापर्यंत गेली. पाठीवर मोठी पिशवी घेतलेलीं मुलें मोटारसायकलीवरून त्याच रस्त्यानें जातात, आणि दोन्ही बाजूंचे दुकानदार त्या पिशवीकडे पाहत राहतात. रुमालाखालच्या हातांकडे पाहणारा शेतकरी मला अशा वेळीं आठवतो.

गेल्या वर्षीं माझा फोन बिघडला म्हणून मी त्या जुन्या गाळ्यांत गेलों. तेथें हल्लीं एक तरुण मोबाईल दुरुस्त करतो. पाठ वांकवून, डोळ्याला भिंग लावून, बारीक स्क्रू चिमट्यानें उचलीत तो बसला होता. दुकानांत नवे फोनहि विकावयास होते. मी म्हणालों, "हा फार जुना झाला आहे, नवाच घ्यावा म्हणतों." त्यानें फोन उघडून पाहिला व म्हणाला, "नका घेऊ, काका. बॅटरी तेवढी बदलून देतो. अजून दोन वर्षं सहज चालते." आपला नवा फोन विकण्याची आलेली संधि त्यानें अशी सोडून दिली. माझ्या मनांत एकदम तो जुना शब्द आला: यानें माया ठेवली.

बॅटरी बसवीपर्यंत मी त्याच्याशीं बोलत बसलों. याच जागीं माझे वडील यंत्र चालवीत असत हें त्याला ठाऊक नव्हतें. तयार कपडे आले व त्यांचें काम सुटलें, हें मीं सांगितलें. तो काम थांबवून म्हणाला, "मग त्यांनी पुढं काय केलं, काका?" लहानपणीं मीं आबाजींना विचारलेला प्रश्न माझ्याकडेच परत आला होता. आबाजींप्रमाणें मीहि प्रथम गप्प बसलों. परंतु तो तरुण हा प्रश्न केवळ माझ्या वडिलांविषयीं विचारीत नव्हता, हें मला दिसत होतें. नवे फोन लोक आतां घरून मागवितात असें तो थोड्याच वेळापूर्वीं म्हणाला होता. म्हणून मीं त्याला सर्व सांगितलें. आकाशी शर्टाचीहि गोष्ट सांगितली, आणि तिचा शेवटहि.

तो शेवट असा. दोन वर्षांनीं तो शर्ट मला दंडांत व छातींत तंग होऊं लागला. आंत माया नसल्यामुळें सैल करतां येईना, म्हणून मीं तो टाकून दिला. कांहीं दिवसांनीं पाहतों तों तो खुंटीवर धुऊन टांगलेला. दोन्ही कुशींच्या शिवणी उसवून वडिलांनीं त्यांत काखेपासून खालपर्यंत त्याच रंगाच्या कापडाच्या उभ्या पट्ट्या अशा जोडल्या होत्या कीं, हात वर केल्याशिवाय त्या दिसूं नयेत. एवढा जुळता रंग त्यांनीं कोठून शोधून आणला कोण जाणे! ज्या कपड्यानें त्यांचें काम नेलें, त्यालाहि त्यांनीं आपल्या हातानें माया लावली होती. मीं तो शर्ट आणखी चार वर्षें वापरला. परंतु त्याविषयीं त्यांच्याशीं एक शब्दहि बोलण्याचें धैर्य मला झालें नाहीं, आणि पुढें वेळ निघून गेली.

बालमित्रांनो, जुनें तें सर्व चांगलें व नवें तें सर्व वाईट, असें सांगण्याचा माझा हेतु नाहीं. आबाजींच्या यंत्रानेंहि कोणाचें तरी काम नेलें होतें, आणि रुमालाखालचा सौदा बंद झाला तें ठीकच झालें. तुम्ही तयार कपडे घाला, घरबसल्या वस्तु मागवा. तो तुमच्या काळाचा मार्ग आहे. परंतु रस्ता बदलतो तो काळ बदलतो म्हणून, असें म्हणून आपण आपले हात झाडूं नयेत. तो आपल्या खरेदीनें बदलतो. आपण एक दुकान सोडून दुसऱ्यांत शिरतों, तेव्हां पहिल्या दुकानांतून कोणीतरी मान वर करून आपल्याकडे पाहत असतें. त्याला निदान ओळख द्यावी.

आणखी एक विनंति. या सुटींत तुमच्या गांवच्या मोठ्या रस्त्यावरून आपल्या आजोबा-आजींबरोबर एकदां सावकाश चालत जा. प्रत्येक दुकानापुढें थांबून विचारा कीं, येथें पूर्वीं काय होतें, त्याच्याहि आधीं काय होतें, आणि तीं माणसें पुढें कोठें गेलीं. तें एका वहींत लिहून ठेवा. शेवटच्या प्रश्नाला कदाचित् लगेच उत्तर मिळणार नाहीं. तरी थोडा वेळ थांबा. आबाजींना मीं तिसऱ्या शिंप्याविषयीं विचारलें नाहीं, व वडिलांना त्या पट्ट्यांविषयीं. विचारणारें माणूस असतांना व सांगणारें माणूस असतांना या गोष्टी विचारून घ्याव्या, एवढेंच मला त्या रस्त्यानें शिकविलें आहे.